उशाशी ठेवलेली बंदूक

आमच्या चिंचणीत कुणाला साधा ताप आला तरी दिवेलागणीपर्यंत अख्ख्या आळीला कळतं. मला जे झालं होतं ते सात महिने कुणालाच कळलं नाही. कारण सरळ आहे, मी सांगितलं नाही. ताप असता तर सांगितला असता, वर हक्काने पेज करून घेतली असती.

आता सांगतोय ते एका माणसासाठी. त्याला मी ओळखत नाही. त्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे आणि त्याचं मन सध्या ठिकाणावर नाही. आमच्या पट्ट्यात वाड्यांतून बंदुका बऱ्याच आहेत, म्हणजे असा माणूसही कुठेतरी असणार. बाकी कुणी वाचलं तर माझी हरकत नाही, फक्त नंतर रस्त्यात भेटून कीव करू नका. कीव करणाऱ्यांचा मला फार राग येतो.

मी जयवंत, वय अठ्ठेचाळीस. घरची चिकूची वाडी आहे, ती माझे वडील आणि बायको नीता बघतात. मी एकवीस वर्षं बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. मुलगी केतकी दहावीला आहे. वडिलांना आम्ही बाबा म्हणतो. ते एकोणऐंशीचे आहेत आणि घरात शेवटचा शब्द अजून त्यांचाच असतो.

काचेतलं पाणी

बॉयलरच्या अंगाला काचेची उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एका सकाळी मी नळीसमोर उभा राहिलो आणि पाणी दिसत असून मला कळेना, हे ठीक आहे की कमी आहे. परत बघितलं. वहीत लिहिलं. परत येऊन बघितलं. त्या पाळीत मी किती वेळा बघितलं असेल कोण जाणे. माझ्याबरोबर काम करणारे यादवजी, माझ्यापेक्षा वयाने मोठे, शेवटी म्हणाले, "जयवंतभाई, आप देख रहे हो या सिर्फ खड़े हो?"

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून छातीत भीती येऊन बसली. कशाची, ते सांगता येईना. जेवताना, दाढी करताना, केतकीची वही बघताना ती तिथेच. झोप गेली, भूक गेली, मग हळूहळू बोलणंही गेलं. आवडता बोंबलाचा कालवणभात समोर असायचा आणि मी तो कर्तव्य म्हणून गिळायचो.

लोक आता विचारतात, "पण कारण काय?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. कारण नव्हतं. बायको चांगली, मुलगी हुशार, नोकरी पक्की, भावकीत भांडण नाही. मी स्वतः कारण शोधून दमलो. कावीळ झालेल्याला कुणी विचारतं का, की बाबा रे, तुझं घरात सगळं बरं असताना पिवळा का झालास?

कपाट

आमच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. म्हणजे होता. आजोबांनी घेतलेला, मग बाबांच्या नावावर, आणि बाबांचे डोळे अधू झाल्यावर माझ्या नावावर. चिकूला माकडं आणि वटवाघळं फार त्रास देतात. मारत कुणी नाही. आभाळाकडे एक बार काढायचा, की माकडं शेजारच्या वाडीत जातात. दोन दिवसांनी शेजारी बार काढतो, की ती आमच्याकडे येतात. तीन पिढ्या आम्ही दोन्ही घरं मिळून माकडांना व्यायाम घडवत आलोय.

दसऱ्याला ती बंदूक तेलपाणी करून पाटावर मांडली जायची. एका बाजूला विळे-कोयते, दुसऱ्या बाजूला माझ्या कामावरचे पाने-हातोडे आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली ती. बायकांनी त्या दिवशी ओवाळायचं, एरवी हात लावायचा नाही, असा नियम. सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून बाबांना दोन शब्द बोलून जायचा आणि बाबा चार बोटं उंच व्हायचे. तिची भीती म्हणाल तर आमच्या घरात कुणालाच नव्हती. धोका असेल तर तो माकडांना, घरच्यांना कसला?

आजार सुरू होऊन तीनेक महिने झाले असतील. केतकीचा कसला तरी दाखला हवा होता म्हणून मी मधल्या खोलीतलं कपाट उघडलं. शेजारच्या खणात बंदूक होती. आणि एक विचार आला. तो मी इथे उलगडून लिहिणार नाही. ज्याला आलाय त्याला कळेल, ज्याला नाही त्याला कळायची गरज नाही. पण एक गोष्ट मला ओरडून सांगायची आहे. मला मरायचं नव्हतं. मला मरायचं नव्हतं आणि तरी तो विचार माझ्याच आवाजात आला, अगदी साधेपणाने, चहा घेतोस का विचारावं तसा. दाखला न घेताच मी कपाट लावलं आणि केतकीला म्हटलं, सापडत नाही, तूच बघ.

त्या दिवसापासून मी मधल्या खोलीत जाणं बंद केलं. स्वयंपाकघरातून पडवीत यायचं तर परसातून वळसा घालून यायचो. नीताच्या लक्षात आलं. "सरळ मधनं यायला काय होतं तुमाला? चिखलाचे पाय घेऊन कशाला फिरता?" मी म्हटलं, तेवढंच चालणं होतं.

आचारसंहिता

मग निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. आपापली बंदूक कापडात गुंडाळून वाडीवाले रांगेत उभे होते आणि कुरकुरत होते. आमची बाबांनीच कपाटातून काढून, गुंडाळून माझ्याकडे दिली होती. "ऐन चिकूच्या दिवसांत माकडांना कोण सांगणार आचारसंहिता?" कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. हवालदारांनी पावती दिली, मी ती खिशात घातली आणि बाहेर आलो, तेव्हा मला भूक लागली होती. कित्येक महिन्यांनी. ठाण्यासमोरच्या गाडीवर मी उभ्याने तीन वडापाव खाल्ले.

पुढचे पाचेक आठवडे बरे गेले. मधल्या खोलीतून जाऊ-येऊ लागलो. भीती होती, पण तिची धार गेली होती. आम्ही केळव्याला माझ्या बहिणीकडे एक दिवस राहून आलो. बंदूक घराबाहेर आहे म्हणून बरं वाटतंय, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. सगळं श्रेय मी नीताने आणलेल्या अश्वगंधाच्या पावडरीला दिलं आणि तसं चारचौघांत सांगितलंही.

मग ठाण्यातून फोन आला. हवालदार चांगला गोड माणूस. "जयवंतराव, आचारसंहिता संपली. या, तुमची ठेव घेऊन जा." फोन ठेवला तेव्हा बनियन पाठीला चिकटलं होतं.

अकरा दिवस मी सबबी सांगितल्या. पाळी बदलली, स्कूटर बिघडली, पावती सापडत नाही. रोज कुणी ना कुणी आपली बंदूक घेऊन आमच्या दारावरून जायचा आणि बाबांना हात करायचा. बाराव्या दिवशी बाबा स्वतःच ठाण्यावर जायचे कपडे घालून ओट्यावर बसले.

"जयू, माकडांनी वरचा अर्धा माल खाल्ला. तुला वेळ नाय तर मी येतो संगती. चल."

"बाबा, राहू दे की तिथेच. सुरक्षित आहे."

"आजोबाची वस्तू ठाण्यात सडवायची? लोक काय बोलतील?"

इथे मी बोलायला हवं होतं. हाच तो क्षण होता आणि मी मूग गिळून स्कूटर काढली. येताना बाबा मागे बसले होते आणि बंदूक आम्हा दोघांच्या मधे उभी धरली होती. खड्डा आला की ती माझ्या पाठीला लागायची. बाबा जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत होते, एकही मला ऐकू आली नाही.

लोखंड

आता जे सांगतो ते परक्या माणसाला खरं वाटणार नाही. आमच्याकडे घाबरलेल्या माणसाच्या उशाशी लोखंड ठेवतात. मूल दचकून उठायला लागलं की उशीखाली विळा, बाळंतिणीच्या खाटेखाली कोयता. लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, असं मानतात. मीही केतकीच्या पाळण्यात चाकू ठेवलाय, खोटं कशाला बोलू?

बंदूक घरी आल्यावर मी पुन्हा ढासळलो आणि या वेळी लपवता आलं नाही. भांडं पडलं तरी मी थरथरायचो. बाबांनी ते पाहिलं. पोरगा भ्यायलाय, म्हणजे बाहेरचं काही तरी मागे लागलंय, एवढंच त्यांना कळत होतं. आधी माझ्या उशीखाली विळा आला. मग खाटेखाली कोयता आला. मला फरक पडेना.

एके दिवशी सकाळची पाळी करून दुपारी घरी आलो, जेवलो आणि पडायला म्हणून खोलीत गेलो. उशाच्या भिंतीवर, खुंटीला बंदूक टांगलेली होती. बाबा माझ्या मागोमाग आत आले. खूश होते.

"इळ्याला काय भेतात ते? ही बघून कोन जवळ येत नाय. आता निवांत झोप. मी हाय भाहेर." त्यांनी माझ्या पायावर चादर ओढली, दार आपल्या हाताने लोटून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी खाटेच्या कडेला बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मला माझ्या हातांची भीती वाटत होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो, पण ती कुठे आहे हे पाठीला कळत होतं. परसात नीता चिकू निवडत होती, क्रेटमध्ये पडणाऱ्या चिकूंचा आवाज येत होता. बाहेर बाबा पहाऱ्याला बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष आत कोण येतंय यावर होतं. मी स्वतःला सांगत राहिलो, क्रेटमध्ये आणखी एक चिकू पडू दे, मग ऊठ. आणखी एक पडू दे, मग ऊठ. असे किती चिकू पडले ठाऊक नाही. एकदाचा उठलो, दार ढकललं. "झोप लागली नाय?" बाबांनी विचारलं. मी सरळ परसात गेलो.

नीता गोणपाटावर बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"ती बंदूक खोलीतनं काढ."

"का हो? बाबांनी मायेनं लावलीय."

"मला भीती वाटते."

"कोणाची?"

"माझी."

तिच्या हातात चिकू होता. तो तिने खाली ठेवला, क्रेटमध्ये नाही, जमिनीवर. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मी पुढचा शब्द बोलायच्या आत ती उठली, तशीच चिकाच्या हातांनी खोलीत गेली आणि बंदूक खुंटीवरून काढून बाहेर आली. बाबा ओट्यावरून उठलेच. "अगो, बाईमाणसानं हात नाय लावायचा तिला!"

"बाबा, बाजूला व्हा," नीता म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर अशा आवाजात बोलली नव्हती. बाबा बाजूला झाले.

अवजारांच्या खोलीत तिने बंदूक आणि काडतुसांचा डबा ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मग परसात येऊन विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" मी म्हटलं, सात महिने. ती रडली नाही. तिने मला एक शिवी दिली, ती इथे लिहिता येणार नाही. मग माझे हात तिच्या हातात घेतले. चिकाने दोघांचे हात चिकटले आणि आम्ही बराच वेळ ते सोडवले नाहीत.

नाव

दुसऱ्या दिवशी आम्ही पालघरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी मास्क लावला होता आणि तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी लावला होता. एकमेकांकडे न बघता आम्ही सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. मला वाटलं, ही पोरगी काय सांगणार? पण तिने जे सात महिने कुणी विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं. जीव द्यायचे विचार येतात का? किती वेळा? मी हो म्हणून मान हलवली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरात शस्त्र आहे का?"

नीता म्हणाली, "बंदूक हाय. काल यांच्या उशाशी होती."

डॉक्टरबाईंचा चेहरा मला अजून आठवतो. तिलाही भीती वाटली होती आणि तिने ती लपवली नाही. "बंदूक घराबाहेर गेल्याशिवाय मी यांना घरी पाठवणार नाही," ती म्हणाली. तीव्र नैराश्य, त्यासोबत भीतीचा विकार, असं आजाराचं नाव तिने सांगितलं. लोक म्हणतात, नाव कळलं की हलकं वाटतं. मला तर आणखी भीती वाटली. नोकरी जाईल, केतकीच्या लग्नाच्या वेळी लोक खोदून काढतील, वेड्यांत नाव जाईल. हे सगळं मी तिच्यासमोर भडाभडा बोललो. ती म्हणाली, "हे सगळे प्रश्न जिवंत माणसाचे आहेत. तेवढं आधी सांभाळू." त्याच दुपारी मला दाखल करून घेतलं.

नऊ दिवस

सहाला चहा, मग वजन, मग गोळ्या. गोळी गिळल्यावर आ करून दाखवायचा. पिशवी तपासून दाढीचं सामान बाजूला ठेवलं गेलं, त्यामुळे दोन दिवसांत मी चांगला गुन्हेगार दिसायला लागलो. पहिले चार दिवस गोळ्यांनी जीभ जड आणि डोकं गिरणीत घातल्यासारखं. मला वाटलं, हेही फसलं. गोळ्या लागू पडायला आठवडे लागतात, असं मला तीनदा सांगितलं होतं आणि मी तिन्ही वेळा विसरलो होतो. कुणी नव्याने गोळ्या सुरू केल्या असतील त्यांनी ते कागदावर लिहून ठेवावं.

शेजारच्या खाटेवर विक्रमगडकडचे लक्ष्याकाका होते. डोंगरातली थोडी भातशेती, बाकी वर्षभर मजुरीला कुठे कुठे. ते फारसे बोलत नसत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला भीतीचा जोराचा झटका आला. छाती आवळली, आता मरतोच असं वाटलं, नर्स येईपर्यंत मी खाटेचा दांडा धरून बसलो होतो. काका उठून माझ्या खाटेवर येऊन बसले.

"भ्याव वाटतं ना?"

मी हो म्हटलं.

"मला पन वाटतं. दोगं मिलून भिऊ."

आणि आम्ही खरंच दोघं मिळून भ्यायलो. त्याच्याइतका चांगला उपचार त्या नऊ दिवसांत मला दुसरा आठवत नाही, डॉक्टरबाईंनी माफ करावं.

केतकीला आधी पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं. ती पाचव्या दिवशी आली ती रागावूनच. "पित्ताला कोणी पाच दिवस ठेवतं का? मी लहान आहे का?" मी तिला खरं सांगितलं, सगळं नाही, पण खरं. तिने आजोबांसारखा ओठ चावला आणि माझ्या खाटेवर बसून अर्धा तास बीजगणित सोडवलं. मला बरं वाटलं. यादवजींचा फोन आला, "बॉयलर मैं देख लूँगा, आप आराम करो," एवढंच बोलून ठेवला. कारखान्यात त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

बंदूक न्यायला नीताने ठाण्यात फोन करून हवालदारांनाच घरी बोलावलं. भरदिवसा पोलीस आले, आळीने बघितलं, व्हायची ती चर्चा झाली.

फक्त बाबा आले नाहीत. मला वाटलं, अब्रूचा राग. दारातून बंदूक पोलिसांनी नेली, त्यांना ते सोसवलं नसणार. मी नीताला विचारलं तर ती म्हणाली, "ते कोणाशी बोलत नाहीत. तुमच्या खोलीतलं सगळं लोखंड काढलं त्यांनी. भिंतीचे खिळेसुद्धा उपटले."

सातव्या दिवशी ते आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, लग्नाला आल्यासारखे. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मीच ठेवली ना रे. तुझ्या उशाला."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, बाबा?"

"बाप हाय मी. ठाऊक पायजे होतं." मग ते रडायला लागले. त्यांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. लक्ष्याकाकांनी तोंड भिंतीकडे केलं.

अर्ज

घरी सोडल्यावर दोन दिवसांनी परवाना परत करायचा अर्ज घेऊन मी ठाण्यात गेलो. बाबा बरोबर आले. भावकीतल्या एका शहाण्याने आधीच सल्ला दिला होता, कारणात लिही की आता वाडीला माकडांचा त्रास राहिला नाही. उगाच भलतं कागदावर नको. वाडीत त्या सकाळीही पंधरा माकडं होती.

मी लिहिलं, "मला नैराश्याचा आजार आहे. शस्त्र जवळ असताना मला स्वतःच्या जिवाची भीती वाटते." हवालदारांनी वाचलं आणि आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "जयवंतराव, एवढं लिहायची गरज नाही हो. दुसरं कारण टाका. बाबा, तुम्ही सांगा यांना."

बाबा काठी धरून उभे होते. मागे बाकावर गावचे दोघे-तिघे बसलेले, सगळ्यांचे कान इकडे. "असू दे," बाबा म्हणाले. आवाज बिलकूल खाली केला नाही. "खरं हाय ते. तसंच घ्या."

मी बरा झालोय का, असं विचाराल तर निम्मा. गोळ्या चालू आहेत, कामावर जातो, पण काही महिने बॉयलरऐवजी स्टोअरमध्ये बसवलंय. माकडांसाठी बाबा आता डबे वाजवतात आणि ती त्यांना अजिबात भीत नाहीत. ज्याच्यासाठी हे लिहिलं त्याला एवढंच सांगतो: लाज नंतर वाटून घे. आधी ती वस्तू घराबाहेर काढ. हवालदाराला सांग, बायकोला सांग, जो पहिला समोर येईल त्याला सांग. शब्द सापडले नाहीत तर माझे वापर. "मला माझी भीती वाटते." चार शब्द आहेत, मला ते बोलायला सात महिने लागले.

बाबांनी घरी आल्यापासून एक सुरू केलंय. सकाळी चहाला बसलो की ते विचारतात, "जयू, येतो का आज तो इचार?" असंच, सरळ, नीतासमोर, केतकीसमोर. सुरुवातीला मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. मी नाही म्हणायचो, ते बशीतला चहा प्यायचे, संपलं. आता सवय झाली. बहुतेक दिवस उत्तर नाही असंच असतं आणि ते खरंही असतं.

मागच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "हो. आज येतोय."

बशी त्यांच्या ओठाशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. देवाचं नाव घेतलं नाही, धीर धर म्हणाले नाहीत. नीताला हाक मारून सांगितलं, "जयू आज कामाला जात नाय. डॉक्टरीणबायला फोन लाव." मग खुर्ची सरकवत माझ्या इतक्या जवळ आणली की आमचे गुडघे लागले. त्यांचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता.

"सांग," बाबा म्हणाले. "मला कळंल का नाय ठाऊक नाय. पन तू सांग. मी उठत नाय इथनं."

मी सांगायला लागलो.